खोली १.१४ आणि बुधवारची मंडळी

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही, स्वतःवर लक्ष ठेवायला. सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस स्वतःला सहज फसवू शकतो. ती जोखीम मला घ्यायची नाही.

नव्या नोकरीचा पहिला दिवस. किलमोरान, आयर्लंडमधल्या लिमरिकपासून गाडीने वीसेक मिनिटं. तिथं नवं आरोग्यकेंद्र बांधून तयार आहे. डॉक्टर, नर्स, फिजिओ, समुपदेशक, सगळे एका छपराखाली. २३ जूनला उघडायचं. इमारत उभी करणं वेगळं आणि ती चालती करणं वेगळं. हे दुसरं काम आमच्या टीमचं. त्यात मी सोशल व्हॅल्यू लीड. म्हणजे औषधगोळ्यांपलीकडे या केंद्राने गावाला काय दिलं, हे पाहणारा माणूस.

आधी पुण्यात आणि मग इथं, मी जन्मभर एकच काम केलं: सॉफ्टवेअरकडून लोकांना काय हवंय ते विचारून लिहून काढणं. थोडक्यात, ऐकणं. माझी बॉस ऑर्ला म्हणाली, सोशल व्हॅल्यू म्हणजे मुख्यतः ऐकणंच. हे मला किती पटतं ते मी तिला कॉफी गार होईपर्यंत समजावून सांगितलं.

संकल्प: ऐकणे. बायकोला, मेधाला, सांगितलं. ती म्हणाली, बरं.

५ मार्च, बुधवार

जुना दवाखाना पाहिला. चर्चच्या मागे बसकं घर, भिंतीला शेवाळ. नवं केंद्र उघडलं की हा बंद होणार. मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी गावातली एकटी राहणारी म्हातारी मंडळी जेवतात. ब्रीडाबाई रांधतात. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. बटाटे दोन प्रकारचे, एकाच ताटात.

जेवण चालू असताना नर्स फिलोमिना टेबलाखाली वाकून ख्रिस्टी नावाच्या आजोबांच्या पायाची जखम बघत होती. ते दवाखान्यासमोरच एकटे राहतात. तपासायला या म्हटलं तर येत नाहीत. जेवायला आले की पाय सापडतो, असं ती म्हणाली. स्वच्छतेच्या दृष्टीने मला हे बरं वाटलं नाही. पण बोललो नाही. ऐकणे.

मग मुद्द्याचा प्रश्न. नव्या केंद्रात एक मोठी खोली अजून कुणाला दिलेली नाही. नंबर १.१४. पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, जोडून छोटी पॅन्ट्री. ब्रीडाबाईंना स्पष्ट विचारलं: बुधवारच्या जेवणासाठी ही खोली तुम्हाला हवी आहे का? त्यांनी हात झटकला. (मी त्यांच्या तोंडी 'यॅश'.) म्हणाल्या, "आह नो, यॅश लव्ह, यू आर ग्रँड. आमच्यासाठी कशाला एवढा खटाटोप?" बाकीच्यांना विचारलं. सगळेच ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे, काही नको'. ख्रिस्टी म्हणाले, आमचं काय, आम्ही कुठेही बसू.

इतकं स्वच्छ उत्तर मला कुठल्याही क्लायंटने दिलं नव्हतं. लगेच लिहून घेतलं, वाचून दाखवलं. माना डोलल्या.

लहानपणी अकोल्याच्या घरी पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून पोळी आत जायची. त्या वळणातून बाहेर यायला मला वर्षं लागली. आता मी समोरच्याच्या नकाराचा आदर करतो.

ब्रीडाबाईंनी जेवायला बस म्हटलं. नाही म्हणालो. परत म्हणाल्या. परत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी ताट वाढूनच आणलं. आमच्या ऑफिसचा भेटवस्तूंबाबतचा नियम समजावून सांगितला. ताट ख्रिस्टींनी संपवलं.

७ मार्च, शुक्रवार

पहाटेपासून अस्वस्थ. मी प्रश्न नीट विचारला का? माझ्या आवाजात 'नाही म्हणा' असं काही होतं का? स्वयंपाकघरात उभं राहून तोच प्रश्न त्याच आवाजात मेधाला विचारला. ती म्हणाली, कुठली खोली? म्हणजे आवाजात दोष नाही.

१.१४ मोकळी झाली. तिथं वेलनेस पॉड करायचं सुचवलं: मंद दिवे, भिंतभर स्क्रीनवर समुद्र, बसायला बीनबॅग. बीनबॅग शिवणार गावातल्याच बेकार तरुणांची वर्कशॉप. हीच सोशल व्हॅल्यू! ऑर्लाला फार आवडलं. तिने विचारलं, जेवणाच्या मंडळींना नको आहे ना नक्की? मी नोंद दाखवली.

१ एप्रिल, मंगळवार

पहिली बीनबॅग घरी आणून तपासली. उत्तम. सानिका बसली, मग मी बसलो. सानिका (वय तेरा, मराठी कळतं, बोलत नाही) म्हणाली, "डॅड, हाऊ आर ओल्ड पीपल सपोज्ड टू गेट अप?" तिला सांगितलं की यात बसून माणसाने उठण्याची घाई करूच नये, कल्पनाच ती आहे. ती गेल्यावर मी उठलो. वेळ लागला. गुडघ्याचा दोष, पिशवीचा नव्हे.

गावात लोक माझा उल्लेख 'युअर मॅन' असा करतात, असं फिलोमिनाकडून कळलं. आपला माणूस! एका महिन्यात! सानिका म्हणते त्याचा अर्थ नुसता 'तो अमुक एक' असा होतो. इथं वाढली तरी भाषेचा गाभा मुलांना कळतोच असं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

फिलोमिनाने कॉरिडॉरमध्ये गाठलं. बुधवारची मंडळी जूननंतर कुठे बसणार? मी म्हणालो, त्यांनीच जागा नको म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, "दे डिड, येआ?" आणि माझ्याकडे बघत राहिली.

घरी येताना गाडीत ते 'येआ' किती तऱ्हांनी म्हणता येईल ते म्हणून पाहिलं. एकाही तऱ्हेत मला अनुकूल वाटलं नाही. अर्ध्या वाटेतून परत किलमोरानला गेलो. जुन्या दवाखान्याला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं. टेबलं पुसून, खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. व्यवस्थित माणसं आहेत. व्यवस्थित माणसं स्वतःची सोय पाहतात.

११ मे, रविवार

बाबा अकोल्याहून आले, उन्हाळा काढायला. पुरुषोत्तमराव, जिल्हा परिषदेचे निवृत्त इंजिनियर. विमानतळावरून घरी येईपर्यंत मी त्यांना केंद्राबद्दल सांगितलं. ते म्हणाले, आमच्या वेळी एक आरोग्यकेंद्र बांधून झालं, फीत कापली, अन् दोन वर्षं त्यात सरपंचाचं सोयाबीन होतं. मी म्हणालो, इथं तसं होत नाही. इथं आधी लोकांना विचारतात. मग बुधवारच्या मंडळींची गोष्ट सांगितली.

बाबा: किती डाव इचारलं?

एकदाच, म्हटलं. स्पष्ट.

बाबा हसले ते खोकला लागेपर्यंत. म्हणाले, "अरे बापा, एकदा इचारनं म्हंजे काय इचारनं असते? तुह्या लग्नात तुह्या सासऱ्यानं मले जेवाले तीनदा उठोलं, तवा मी उठलो. भूक तं मले सकाळपासूनच लागली होती."

त्यांना समजावलं की हा युरोप आहे. म्हणाले, हाव, दिसून रायलं.

१४ मे, बुधवार

बाबांना नवा देश दाखवायचा म्हणून बुधवारच्या जेवणाला घेऊन गेलो. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, ब्रीडाबाईंना मराठी येण्याचा प्रश्न नाही. त्यांनी वाढायला डाव उचलला, बाबांनी हात आडवा केला. त्यांनी वाढलं. परत आणलं, बाबांनी मान हलवली, त्यांनी वाढलं. मग बाबांनी बिस्किटांची बशी ब्रीडाबाईंपुढे केली. त्या नो नो म्हणाल्या. बाबांनी बशी तशीच धरून ठेवली. त्यांनी दोन घेतली. ख्रिस्टींनी बाबांना पत्ते पिसायला दिले.

मी सगळं पाहत होतो आणि एकाएकी उलगडलं. इथला पहिला नकार हा नकार नसतो! कुणालाही न सुचलेलं निरीक्षण. घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मंग मी काय सांगत होतो? त्यांनी सांगितलं ते लग्नाबद्दल होतं. हे सल्लामसलतीबद्दल आहे.

नवी कार्यपद्धती लिहायला घेतली: कुठलाही प्रश्न त्रिवार विचारणे.

१६ मे, शुक्रवार

म्हणजे ब्रीडाबाईंना खोली हवी असण्याची शक्यता आहे. हे लिहिताना हात थांबला. चहा केला. परत बसलो.

अडचण अशी: १.१४ चा आराखडा मंजूर झाला, स्क्रीन बसला, बीनबॅगा आल्या. आता बदल करायचा तर ऑर्लाकडे जावं लागेल. ती विचारेल, पहिलं उत्तर चुकलं कसं? मला माझी चूक कबूल करायला संकोच नाही. संकोच तिच्या वेळेचा आहे. या आठवड्यात ती फार कामात आहे.

तोवर पद्धत छोट्या प्रश्नावर तपासावी. उद्घाटनासाठी फिल्म करायची आहे. मंडळींनी पॉडमध्ये बसून मुलाखत द्यावी का? ख्रिस्टींच्या घरी गेलो, ब्रीडाबाईही तिथंच होत्या. विचारलं. ब्रीडाबाई म्हणाल्या, नको रे, आम्हा म्हाताऱ्यांना कोण बघणार? परत विचारलं. नको. तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी ख्रिस्टींकडे पाहिलं, ख्रिस्टींनी छताकडे. म्हणाल्या, तुझ्यासाठी एवढं करू.

पद्धत चालते!

२८ मे, बुधवार

फिल्म झाली. मंडळी नीट कपडे करून आली होती. समुद्र सुरू केला, दिवे मंद केले. सगळे बीनबॅगमध्ये बसले, म्हणजे गेले. ख्रिस्टींचं फक्त डोकं आणि काठी दिसत होती. "लाटांकडे बघून काय वाटतं?" असं कॅमेऱ्यामागून विचारलं. ख्रिस्टी म्हणाले, माझा भाऊ बोटीवर होता, त्याला फार उलट्या व्हायच्या.

उठताना अडचण आली. खाली आपली खोली लावत असलेला फिजिओ आला, मग फिलोमिना, मग समुपदेशक. ख्रिस्टींना तिघांनी मिळून काढलं. या इमारतीत तीन वेगवेगळ्या सेवांनी एका रुग्णासाठी एकत्र काम केल्याची ही पहिलीच वेळ. इंटिग्रेटेड केअर. हे अहवालात घेणार.

ब्रीडाबाई खिडकीशी उभ्या होत्या. पॅन्ट्रीचं दार उघडून आत पाहिलं, नळ सोडून पाहिला, बंद केला. मी विचारलं, काही हवं होतं का? म्हणाल्या, काही नाही, लव्ह. फार सुंदर केलंस हं सगळं.

सुंदर म्हणाल्या. तरी दिवसभर तो नळ डोळ्यांसमोरून जाईना.

५ जून, गुरुवार

धीर केला. ऑर्लाकडे गेलो नाही, आधी ब्रीडाबाईंकडे गेलो. हो म्हणाल्या की मगच ऑर्ला. उगाच कुणाला आधी त्रास नको. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून विचारलं: १.१४ तुम्हाला हवी का? स्क्रीन काढतो, पिशव्या हलवतो. त्या नाही म्हणाल्या. परत विचारलं, नाही. तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही नाही! आणि मग त्यांनी कारण सांगितलं. जागा मिळाली. हॅनरहन यांच्याकडे.

हॅनरहन म्हणजे गावातले अंत्यविधी करणारे. मयताला भेटायला येणाऱ्यांसाठी त्यांची मोठी बैठकीची खोली आहे. हीटिंग आहे, स्वयंपाकघर आहे, टॉयलेटमध्ये धरायला दांडे आहेत, पार्किंग भरपूर. बुधवारी शक्यतो कुणाला ठेवणार नाही, असं मॅलकी हॅनरहनने सांगितलंय. तो म्हणाला म्हणे, तुम्हा सगळ्यांची गाठ एक दिवस पडायचीच आहे, आधीपासून ओळख असलेली बरी.

मी म्हणालो, पण आमचं केंद्र आरोग्याचं आहे! ब्रीडाबाई म्हणाल्या, हो रे, तुझं फारच छान आहे, आमच्या बटाट्यांचा वास लागेल त्याला.

घरी बाबांना सांगितलं. म्हणाले, बरं झालं बापा, जाया-याचा तरास नाही.

२३ जून, सोमवार

उद्घाटन. ऊन होतं, मग नव्हतं. भाषणं झाली. फिल्म दाखवली. ख्रिस्टींच्या भावाचा भाग ऑर्लाने कापायला लावला होता. माझा उल्लेख झाला: "आणि आमचा यॅश, ज्याने गावाचं ऐकलं." टाळ्या. ब्रीडाबाईंनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. मी खाली पाहिलं. नम्रता असावी.

दुपारी जुन्या दवाखान्याला कुलूप.

२५ जून, बुधवार

मंडळींचं हॅनरहनकडे पहिलं जेवण. बाबांना दारात सोडलं आणि केंद्रात आलो. १.१४ मध्ये समुद्र चालू होता. कुणी नव्हतं. बंद केला. रिकाम्या खोलीत समुद्र बंद करताना उगाच वाईट वाटलं, म्हणून परत चालू केला.

बाबांना घ्यायला गेलो. ते म्हणाले, सगळे होते, पण आपला ख्रिस्टी काही आला नाही. पत्ते तसेच हातात धरून बसलो होतो, असंही म्हणाले.

जुना दवाखाना ख्रिस्टींच्या दारासमोर होता. हॅनरहन मोठ्या रस्त्यापलीकडे. मध्ये फूटपाथ नाही, गाड्या जोरात. काठी घेऊन कोण जाणार?

फोन केला. ख्रिस्टी म्हणाले, "आय'म ग्रँड, आय'म ग्रँड." बरं म्हणून ठेवला.

फिलोमिनालाही कळलं होतं. ती माझ्या दाराशी आली. म्हणाली, मला नवी ट्रीटमेंट रूम आहे, नवा दिवा आहे, खाली-वर होणारं टेबल आहे. फक्त पाय नाही. गेल्या बुधवारी जखम चांगली दिसत नव्हती. आज मी त्यांच्या घरी गेले तर दार किलकिलं करून ग्रँड म्हणाले.

आणि गेली. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार होतं. नोंद तयार होती. पाच मार्चची, वाचून दाखवलेली.

२७ जून, शुक्रवार

ऑर्लाकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हणजे एकदा विचारलं ते, आणि मे महिन्यात कळूनही आलो नाही ते. ती ऐकत होती. म्हणाली, "राइट." मग म्हणाली, जागा आता नको असेल त्यांना, पण त्या माणसाला टेबलापर्यंत आण. ते तुझं काम.

मी म्हणालो, सामुदायिक वाहतुकीचा आराखडा करतो. ती म्हणाली, तुझ्याकडे गाडी आहे ना?

२ जुलै, बुधवार

बाबा मागे बसले, पुढची सीट मोकळी. ख्रिस्टींची बेल वाजवली. दार अर्धं उघडलं. चला, जेवायला. ते म्हणाले, नाही नाही, तुम्ही जा, मला भूकच नाही. परत म्हटलं. नाही, पाय ठीक नाही, उगाच तुला वळसा. पद्धतीप्रमाणे तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे पाहिलं. जुलै महिना, आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. डोक्यावर टोपी. काठी हातात. किती वेळ दाराआड तसे उभे होते कोण जाणे.

विचारलं नाही. गाडीचं दार उघडून धरलं. ते आले.

वाटेत राहवलं नाही. विचारलं, मार्चमध्ये तुम्हाला ती खोली हवी होती का? ते म्हणाले, हवी होती की. नदी दिसते तिथून. ब्रीडाने मनात पडद्यांचं मापसुद्धा घेतलं होतं. मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, तू परत विचारलं नाहीस. आणि मग ती पोती आणलीस. इतका खूश होतास रे. ब्रीडा म्हणाली, जाऊ दे, पोराचं मन कशाला मोडा?

मी त्यांना हॅनरहनपर्यंत समजावून सांगितलं की माझी प्रक्रिया नेमकी कुठे चुकली, आणि पुढच्या वेळी मी काय करीन. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

फिलोमिना आधीच टेबलाखाली होती. जखम वाढली आहे, पण वेळेत सापडली म्हणाली. शुक्रवारी डॉक्टरांना दाखवायची. म्हणजे ख्रिस्टींना कुणीतरी न्यावं लागेल. मी विचारायच्या आधीच ख्रिस्टींनी तिला सांगितलं, यॅश नेईल.

३ जुलै, गुरुवार

दर बुधवारची दुपार आता माझ्या कामात धरली आहे. ऑर्लाने त्याला 'आउटरीच' म्हणायला परवानगी दिली. पॉडमधल्या बीनबॅगा शाळेला द्यायच्या.

मंडळींचा अभिप्राय हवा म्हणून फिलोमिनाला विचारलं, काल ख्रिस्टी माझ्याबद्दल काही बोलले का? ती आधी नाही म्हणाली. परत विचारलं. म्हणाली, काही विशेष नाही. तिसऱ्यांदा विचारलं.

म्हणाले, नवा ड्रायव्हर ग्रँड आहे. बोलतो मात्र फार.